दोन रकाने, एकच आकडा

१

वैशाखातला मंगळवार होता, साल दोन हजार तेरा. उत्तरेश्वर सरांनी माझी प्रयोगवही टेबलावर उघडली आणि दोन रकान्यांवर बोट ठेवलं.

"वाच."

डावा रकाना कॅल्शियम दिलेल्या पेशींचा होता, उजवा न दिलेल्या पेशींचा. दोन्हीकडे पेशीत साठलेल्या चरबीचे आकडे होते. डावीकडे बेचाळीस, चव्वेचाळीस, एक्केचाळीस. उजवीकडे त्रेचाळीस, एक्केचाळीस, चव्वेचाळीस.

"डिसेंबरात उजवीकडे किती यायचे?"

"नव्वदच्या पुढे, सर."

"आणि चैत्रापासून दोन्ही रकाने सारखे. शिवकन्या, एक तर डिसेंबरचे आकडे खोटे आहेत, नाहीतर हे तू डावीकडून उतरवून काढलेस." त्यांचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला जास्त भीती वाटली. "पुढच्या बुधवारी विद्यापीठाची समिती येतेय. मला त्यांना सांगावं लागेल. तोवर तू लॅबमध्ये यायचं नाहीस. किल्ली ठेव."

मी किल्ली ठेवली. बाहेर आले तेव्हा व्हरांड्यात भामाबाई काचेच्या बाटल्या वाळत घालत होत्या. "काय झालं गं लेकरा?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली आणि पायऱ्या उतरले.

आज मी ज्या लॅबमध्ये काम करते तिथे एसी कधी बंद पडत नाही आणि पाणी कुठून येतं हे कुणी विचारत नाही. तरी डोळे मिटले की मला बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्याच्या अलीकडची ती पत्र्याची लॅबच दिसते. कारखान्याच्या संस्थेनं काढलेल्या कॉलेजच्या मागे ती होती. कारखान्याचे जुने चेअरमन अर्जुनराव यांची बायको, सरस्वतीबाई, यकृताच्या कर्करोगानं गेल्या. त्या दुःखात त्यांनी सहकाराच्या भरभराटीच्या काळात ही लॅब उभारली आणि तिला बायकोचं नाव दिलं. हैदराबादची नोकरी सोडून उत्तरेश्वर सर तिथे आले. येताना थर्मासएवढ्या डब्यात यकृताच्या कर्करोगाच्या जिवंत पेशी घेऊन आले. त्या प्लेटमध्ये वाढत, दुप्पट होत, पुन्हा वाढत.

माझा विषय सरळ होता. पेशीला बाहेरून एखादा निरोप आला की तो आत पोचवायचं काम कॅल्शियम करतं. तो निरोप मिळत राहिला तर या पेशी चरबीची आम्लं जाळतात. बंद झाला तर तीच आम्लं थेंबाथेंबानं साठवून ठेवतात. मी काही प्लेटांना कॅल्शियम देत असे, काहींना मुद्दाम देत नसे. मग तांबडा रंग घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. बिनकॅल्शियमच्या पेशी तांबड्या थेंबांनी भरून जायच्या. अडीच वर्षं मी तेवढंच बघत होते. माझे आईबाप दर दिवाळीनंतर ऊस तोडायला कर्नाटकात जायचे. गावात डॉक्टर होणारी मी पहिली, असं ते मुकादमालासुद्धा सांगून आले होते. औषधं देणारी डॉक्टर नाही हे मी त्यांना नीट सांगितलंच नव्हतं.

आता तेही सांगायची वेळ येणार नाही, असं वाटलं.

२

त्या दिवशी राधाकिशन काका वजनकाटा दुरुस्त करायला आले होते. कारखान्यात एकतीस वर्षं केमिस्ट. बॉयलरचं पाणी तपासणं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर घरी करमेना, म्हणून दर मंगळवारी लॅबमध्ये येऊन मोडलेली उपकरणं नीट करायचे आणि त्याबद्दल फक्त चहा घ्यायचे. त्यांनी मला लिंबाच्या झाडाखाली बसलेलं पाहिलं.

मी सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत ऐकत राहिले.

"एक सांग," ते म्हणाले. "समितीपुढं काय आकडे आले असते म्हंजे तुझं काम पास झालं असतं?"

"उजवीकडे नव्वद, काका. डिसेंबरसारखे."

"हे तुला ठाऊक होतं?"

"सगळ्यांनाच ठाऊक होतं."

"मग खोटंच लिवायचं असतं तर तू नव्वद लिवलं असतंस. कुणाला शंका आली नसती. स्वतःचं वाटोळं करणारा आकडा कुणी खोटा कावून लिवंल?" त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "तुझे डिसेंबरचे बी आकडे खरे आन् आत्ताचे बी. मधी कायतरी बदललंय. त्या बिनकॅल्शियमच्या पेशींना कुठूनतरी कॅल्शियम मिळतंय, एवढाच याचा अर्थ."

अडीच वर्षांत शिकलेलं सगळं त्या दुपारी माझ्या डोक्यातून निघून गेलं होतं. हे मला सुचायला हवं होतं.

"म्हणजे कुणीतरी मुद्दाम घालतंय?"

"मुद्दाम का कसं, ते मंग. पहिलं तुझ्या वस्तूंना कोण कोण हात लावतं ते सांग."

तिघं होते. माझ्याबरोबर पीएच.डी. करणारा शहादेव, लॅब असिस्टंट बंकट, आणि काच धुणाऱ्या भामाबाई.

"भामाबाईंना सोडा," मी म्हटलं. "त्या वसतिगृहात आमचा स्वयंपाक करतात. मला आईसारख्या आहेत."

काकांनी खिशातून पेन्सिल काढली आणि सिगारेटच्या पाकिटाच्या पाठीवर तिन्ही नावं लिहिली.

३

शहादेवला आम्ही कँटीनच्या मागे गाठलं. माझे रकाने सरांच्या नजरेस आणून देणारा तोच होता, हे मला तोवर कळलं होतं.

"सांगितलं," तो म्हणाला. "मला दिसलं ते सांगितलं. त्यात काय चुकलं?"

"चुकलं न्हाई," राधाकिशन काका म्हणाले. "तुझं काम कसं चाललंय?"

"चांगलं चाललंय."

"मंग पाठीमागच्या खड्ड्यात तू गेल्या हप्त्यात आठ बाटल्या द्रावण ओतलंस ते कावून? मी वजनकाट्याचा खोका टाकायला गेलतो तवा पाहिलं."

शहादेवचा चेहरा उतरला. तो हातातल्या चहाच्या कपाची कड नखानं खरवडत राहिला. "द्रावण गढूळ होतंय," शेवटी म्हणाला. "पेशींचं अन्न बनवतो, गाळतो, आणि दुसऱ्या दिवशी बाटलीच्या बुडाला पांढरा साका. चैत्रापासून एकही प्रयोग धड नाही. सरांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, हात घाण आहेत. म्हणून शिवकन्याचं पुढं केलं. त्यांचं लक्ष माझ्याकडं येऊ नये म्हणून." माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "माफ कर."

मला राग यायला हवा होता. पण तो किती घाबरलेला होता हे दिसत होतं, आणि मीही तशीच होते.

वाटेत काका म्हणाले, "दोघांचे प्रयोग येगळे, दोघांच्या बाटल्या येगळ्या, आन् बिघडले एकाच महिन्यात. दोघांत सारखं काय हाय?"

"पाणी," मी म्हटलं. "दोघंही ऊर्ध्वपातित पाणी एकाच कॅनमधून घेतो."

ऊर्ध्वपातित पाणी म्हणजे वाफ करून पुन्हा थंड केलेलं. त्यात क्षार राहत नाही. लॅबच्या कोपऱ्यात त्याचं काचेचं यंत्र होतं. ते चालवायची जबाबदारी बंकटची होती आणि रोजच्या नोंदवहीत त्याची सही होती. एकाही दिवसाचा खाडा नव्हता.

"यंत्र रोज चालतंय का बे?" काकांनी त्याला विचारलं.

"सही हाय न्हवं," बंकट म्हणाला.

"सही मी पाहिली. यंत्राचं विचारतोय."

बंकट दारात उभा होता आणि सारखा घड्याळाकडे बघत होता. माजलगावचं धरण तळाला गेलं होतं, तालुक्यात जागोजागी चारा छावण्या होत्या, आणि त्याच्या पायांना शेण लागलेलं होतं.

"माजी दोन बैलं छावणीत हायती, काका," तो म्हणाला. "सकाळी चारा वाटत्यात तवा मालक हजर न्हाई तर पेंढी दुसऱ्याला जाती. मी दहाला येतो. सही आदल्या दिवशीच करून ठिवतो. पर कॅन रोज भरलेला असतोय. म्या म्हनलं, असंल कुणी चालवीत."

"कुणी?"

"मला ठाव न्हाई," बंकट म्हणाला आणि मान खाली घातली. ठाऊक होतं, पण सांगायचं नव्हतं, असा तो चेहरा होता.

४

मला लॅबमध्ये जायची बंदी होती. म्हणून काका आत गेले आणि मी खिडकीच्या गजांना धरून बाहेर उभी राहिले.

यंत्राच्या नळीत कोळ्यानं जाळं विणलं होतं. तापणाऱ्या भांड्याच्या तळाशी क्षाराचा थर वाळून तडकला होता. काकांनी नखानं त्याचा पापुद्रा उचलला. "महिनादीड महिना तरी याला आच लागलेली न्हाई," ते म्हणाले.

मग त्यांनी कॅनच्या तळातलं पाणी एका स्वच्छ बाटलीत घेतलं आणि धुण्याच्या साबणाचा चुरा टाकून हलवलं.

"बहात्तरच्या दुष्काळात मी अठरा वर्षांचा होतो," बाटली हलवता हलवता ते म्हणाले. "रस्त्याच्या कामावर खडी फोडायचो. मजुरीबरूबर खायाला सुकडी मिळायची. माझी माय सांच्याला हात धुवायची आन् साबणाला फेस यायचा न्हाई. ती म्हणायची, दुष्काळाचं पाणी जड असतंय. पुढं कारखाना निघाला, मी केमिस्ट झालो, तवा कळलं ती बरोबर बोलायची. पाणी जितकं खोल जातंय तितकं चुनखडीतलं कॅल्शियम घेऊन येतंय. बॉयलरमधी असलं पाणी गेलं की नळ्या चोंदायच्या. फेस बघूनच मी ऑपरेटरला सांगायचो, आज भट्टी पेटवू नका." त्यांनी बाटली थांबवली. "हे बघ."

पाण्यावर फेस नव्हता. नासलेल्या दुधासारख्या पांढऱ्या गुठळ्या तरंगत होत्या.

कॅनमध्ये बोअरचं पाणी होतं; आमच्या भागात ते असंच असतं. बिनकॅल्शियमच्या प्लेटांना मी स्वतःच्या हातानं कॅल्शियम पाजत होते.

काकांनी मग नीट मोजणी केली. एका नळीतून औषध थेंबाथेंबानं सोडत गेले, पाण्याचा लालसर रंग निळा होईपर्यंत. बोअरचा आकडा आला लिटरमागे सहाशे चाळीस मिलिग्रॅम. कॅनचा आला तीनशे दहा.

"निम्मा," मी म्हटलं. "म्हणजे कुणी बोअरच्या पाण्यात चांगलं पाणी मिसळलं?"

"न्हाई तर उकळलं. उकळलं की निम्मं कॅल्शियम भांड्याच्या बुडाला बसतंय, निम्मं पाण्यातच राहतंय." त्यांनी नळी बाजूला ठेवली. "पोरी, ज्याला तुझं वाईट करायचं हाय तो माणूस पाणी उकळीत बसत न्हाई. नळाखाली कॅन लावतो आन् जातो. ज्यानं हे केलं त्याला वाटत होतं की तो चांगलं पाणी देतोय."

ते पुन्हा बाटलीकडे वळले आणि एकदम वाकले. साबणाच्या पाण्यात सुताचा एक बारीक धागा फिरत होता. कॅनमधून आला तेव्हा तो पिवळा होता, ते मी पाहिलं होतं. आता तो लाल झाला होता.

साबण लागल्यावर पिवळ्याचा लाल कशाचा होतो, हे कुठल्याही बाईला विचारायची गरज नाही. फडक्याला हळद होती. पाणी ज्या फडक्यातून गाळलं होतं ते स्वयंपाकघरातलं होतं.

मी गज सोडले. मला ते नाव ऐकायचं नव्हतं, आणि काकांनीही ते घेतलं नाही.

५

वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भामाबाई ज्वारीचं पीठ मळत होत्या. चुलीशेजारी मोठं पातेलं पालथं घातलेलं होतं. काकांनी ते उचलून आत पाहिलं. बुडाला चुन्यासारखा पांढरा थर होता.

"भामाबाई," ते म्हणाले, "यंत्राचं पाणी तुमी भरताव का?"

त्यांनी हात थांबवले नाहीत. "व्हय. कावून?"

त्या इतक्या सहज बोलल्या की आम्ही दोघंही गोंधळलो.

"यंत्र बंद कावून केलं?"

"लई पानी खातंय ते, दादा." त्यांनी आता हात परातीच्या कडेला पुसले. "येक कॅन भरायला दोन टाक्या गटारात जात्यात. म्या सोता पाहिलं. आन् हिकडं या पोरी येका बादलीत दोन दोन जनी आंग धुयाच्या. ही शिवकन्या पाळीच्या दिसात पान्यावाचून रडत बसलती फाल्गुनात. माज्यानं बघवंना. मंग यंत्रात पानी आननारी नळी काडली आन् वसतिगृहाच्या टाकीत सोडली. यंत्राच्या कॅनात बोअरचं, दिसाला चार घागरी येतंय त्येवढं, पानी उकळून, दोनदा गाळून भरते. धुतलेलं फडकं हाय, चांगलं."

गुढीपाडव्यापासून आमच्या टाकीला रोज पाणी येत होतं. आम्ही मुली खूश होतो. टँकरवाल्याला दया आली असं समजत होतो. त्या पाण्यानं मी केस धुतले होते.

"यंत्रातनं गटारात जाणारं पाणीच टाकीत सोडायचं की," काका हळूच म्हणाले. "ते कुठं वाया जातंय, नुसतं गरम होतंय."

"यंत्रातनं आलेलं? त्यात औषीद असंल. लेकीस्नी कसं पाजू?"

काका खाली बसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "तू सांग. हे माझं काम न्हाई."

मी सांगितलं. पेशी, कॅल्शियम, दोन रकाने, समिती. जितकं सोपं करता येईल तितकं. त्या ऐकत होत्या आणि त्यांच्या हातावरचं पीठ वाळत होतं.

"म्हंजे तुजी साळा माज्यामुळं बुडाली," त्या म्हणाल्या.

"मावशी, तसं नाही."

"तसंच हाय." त्या उठल्या, पदर खोचला. "चल सरांकडं. मी सांगते. नोकरी गेली तर जाऊ दे. पर मला येक कळंना. मी सरांला इचारलं हुतं की."

राधाकिशन काकांनी मान वर केली. "काय इचारलं होतं?"

६

उत्तरेश्वर सरांनी काकांचं सगळं शांतपणे ऐकलं. साबणाची बाटली पाहिली. आकडे पाहिले. मग त्यांचा चेहरा कठोर झाला आणि ते भामाबाईंकडे वळले.

"अडीच वर्षांचं काम. तुम्हाला परवानगी कुणी दिली?"

"तुमीच, सर."

सरांनी हातातला कागद खाली ठेवला.

"होळीच्या आदल्या दिसी," भामाबाई म्हणाल्या. "तुमी फोनवर बोलत हुते. म्या दारात उभी राहून म्हनलं, सर, यंत्राचं पानी उकळून, गाळून दिलं तर चालतंय का. तुमी हात केला आन् म्हनले, चालंल, चालंल."

सर भामाबाईंकडे बघत होते, पण त्या दिसत नसाव्यात. ते होळीचा आदला दिवस आठवत होते.

"अनुदानाचा फोन होता," ते म्हणाले. "कुणीतरी दारात होतं एवढं आठवतं. काय विचारलं ते मी ऐकलंच नाही."

सरांच्या तोंडून मी तोवर 'चुकलं' हा शब्द ऐकला नव्हता. तेव्हाही त्यांनी तो उच्चारला नाही. ते उठले, खण उघडला, माझी किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. मग भामाबाईंसमोर हात जोडून उभे राहिले. त्या इतक्या संकोचल्या की दाराबाहेरच गेल्या.

बुधवारपर्यंत सात दिवस होते. काकांनी आणि बंकटनं यंत्र घासून लख्ख केलं आणि त्याचं गरम पाणी बाहेर पडायची नळी वाढवून वसतिगृहाच्या टाकीपर्यंत नेली. सारा खर्च बारा फूट नळीचा. शहादेवनं न विचारता माझ्या निम्म्या प्लेटा तयार केल्या. नवीन पाण्यात पेशी ठेवल्या आणि आम्ही वाट बघत राहिलो.

समिती आली तेव्हा सरांनी आधी स्वतःची चूक सांगितली, मग माझे रकाने दाखवले. चैत्रातले सारखे आकडेही त्यांनी लपवले नाहीत. बिनकॅल्शियमच्या पेशींना बोअरच्या पाण्यातून कॅल्शियम मिळालं आणि त्यांनी चरबी साठवणं थांबवलं, म्हणजे मुलीचं म्हणणं दोनदा सिद्ध झालं, असं ते म्हणाले. समितीतले एक वयस्कर गृहस्थ हसले आणि त्यांनी पाणी मागितलं. भामाबाईंनी तांब्या आणला.

दोन वर्षांनी मला पदवी मिळाली. कारखाना त्याच्या आधीच बंद पडला, मग लॅबही. पेशींची एक कुपी हैदराबादला परत गेली. राधाकिशन काका गेले ती बातमी मला पुण्यात कळली. उसाच्या मळीचा वास कुठे आला की अजूनही मला वाटतं, भोंगा होईल आणि काका सायकल लिंबाला टेकवून आत येतील.

पण सगळ्यात जास्त आठवतो तो समिती गेल्यानंतरचा तासभर. सगळे पांगले होते. मी भामाबाईंना म्हटलं, "मावशी, ज्यांच्यासाठी पाणी उकळलंत त्यांना एकदा बघा तरी." त्या नको नको म्हणत स्टुलावर बसल्या. एक डोळा मिटून दुसरा सूक्ष्मदर्शकाला लावायला त्यांना बराच वेळ लागला.

"हे कशाचं?" त्यांनी विचारलं.

"काळजाच्या पेशी," मी म्हटलं. यकृताला आमच्याकडे काळीजच म्हणतात. "कर्करोग झालेल्या काळजाच्या. आणि ते तांबडे थेंब चरबीचे."

त्या डोळा न हलवता बघत राहिल्या. मला वाटलं, त्यांना काही दिसत नसेल.

"माज्या मालकाचं बी काळीज गेलतं," त्या म्हणाल्या. "बीडच्या दवाखान्यात डाक्टरनं कागुद दावला, त्यावर समदं काळं पांढरं. मला काय कळंना. म्या म्हनलं, कळून तरी काय करायचं." त्यांनी चाकाला हात लावला. मी दाखवलं होतं तसं, हळूच. थेंब अंधूक झाले, पुन्हा स्पष्ट झाले. "हे जित्तं हाय व्हय गं?"

"जिवंत नाही, मावशी. रंग देताना मारावं लागतं. पण दुसऱ्या प्लेटमधल्या जिवंत आहेत."

"दाव."

मी दुसरी प्लेट लावली. रंग नसलेल्या पेशी एकमेकींना चिकटून पसरल्या होत्या. भामाबाईंनी पदरानं डोळा पुसला आणि पुन्हा लावला. बाहेर मुली टाकीवर बादल्या घेऊन आल्या होत्या, त्यांचे आवाज येत होते. कुणीतरी भाकरीचं विचारत त्यांना हाक मारत होतं. त्या उठल्या नाहीत.